कमान, स्लिटर आणि गावची लॉटरी

दर रविवारी रात्री आमच्या गावच्या गेलिक खेळांच्या क्लबची सूचना फोनवर येते. आयर्लंडमध्ये, किल्डेअर काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) राहायला आलो त्या पहिल्या वर्षी मी ती दोन-दोनदा वाचायचो, तरी डोक्यावरून जायची. ऑगस्टमधली सूचना साधारण अशी असते: या आठवड्यात जॅकपॉट कुणालाच लागला नाही, रक्कम वाढली. ज्युनियर संघ २-९ विरुद्ध ०-१४ असा जिंकला. शनिवारी साडेनऊला नर्सरी, हेल्मेट आणि पाण्याची बाटली आणावी. पोरांच्या आयांचा फुटबॉल बुधवारी संध्याकाळी, आयुष्यात कधी बॉलला पाय लावला नसेल त्यांनीही यावं. वरच्या मैदानात कुत्री फिरवू नयेत. आणि शेवटी, आपले जुने खजिनदार वारले. मंगळवारी दहा वाजता क्लबची जर्सी घालून चर्चपाशी जमावं.

लॉटरी, सामना, पोरं, कुत्री आणि मयत, सगळं एका दमात. हा खेळाचा क्लब आहे की ग्रामपंचायत, हा प्रश्न मला पडला होता. नव्याने इकडे आलेल्या ओळखीच्या मराठी कुटुंबांनाही तो पडतो, म्हणून ही सूचना एकदा उलगडूनच सांगतो.

आधी खेळ. गेलिक खेळ म्हणजे आयर्लंडचे स्वतःचे खेळ, आणि त्यातले मोठे दोन. गेलिक फुटबॉलमध्ये गोल चेंडू हातात झेलता येतो, लाथाडता येतो, मुठीने टोलवून सोबत्याला देता येतो. हातात धरून मात्र चारच पावलं. मग तो जमिनीवर एकदा आपटायचा किंवा स्वतःच्याच पायावर टाकून पुन्हा हातात घ्यायचा. सलग दोनदा आपटणं चालत नाही. आठ वर्षांच्या पोराला धावता धावता हे करताना बघितलं की आपण जन्मभर नुसतं चालतच आलो असं वाटतं.

दुसरा हर्लिंग, आणि हा बघून पहिल्यांदा मी खरंच घाबरलो होतो. अ‍ॅश झाडाच्या लाकडाची, टोकाला पसरट आणि वाकडी अशी काठी. क्रिकेटच्या चेंडूहून थोडा लहान, वर शिवणीचे उभे कंगोरे असलेला चामड्याचा चेंडू. चेंडूला स्लिटर म्हणतात आणि काठीला आयरिश भाषेत कमान. हो, उच्चार जवळपास आपल्या कमानीसारखाच. आपल्या शब्दाशी त्याचं नातं नाही, तो आयरिशमधल्या 'वाकडा' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. पण वाकडेपणा दोन्हीकडे आहे, त्यामुळे मला तो एका फटक्यात पाठ झाला. चेंडू ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगाने जातो आणि पंधरा-पंधरा माणसं काठ्या घेऊन त्याच्यामागे असतात. २०१० पासून हर्लिंगमध्ये सगळ्यांना हेल्मेटची सक्ती आहे. त्याआधी मोठी माणसं उघड्या डोक्याने खेळत, आणि जुने लोक अजून त्याबद्दल हळहळून बोलतात.

बायकांच्या हर्लिंगला कमोगी म्हणतात. शिवाय मुलींचा गेलिक फुटबॉल आहेच. हँडबॉल आणि राउंडर्स हेही याच कुटुंबातले, पण आमच्या गावात ते कोणी खेळत नाही, तेव्हा पुढे जाऊ.

आता तो २-९ विरुद्ध ०-१४ चा घोळ. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखा असतो. आडव्या दांडीच्या खाली, जाळ्यात चेंडू गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीच्या वरून, दोन खांबांच्या मधून गेला तर एक गुण. धावफलकावर आधी गोल लिहितात आणि मग गुण, बेरीज कोणी करून देत नाही. म्हणजे २-९ म्हणजे दोन गोलांचे सहा अधिक नऊ, पंधरा. ०-१४ म्हणजे सरळ चौदा. जिंकलो एका गुणाने. २०२४ ची हर्लिंगची अखिल आयर्लंड अंतिम लढत क्लेअर काउंटीने कॉर्क काउंटीविरुद्ध ३-२९ विरुद्ध १-३४ अशी जिंकली, जादा वेळेत. करा बेरीज: ३८ आणि ३७. शेजारी बसलेला म्हातारा हे डोळे मिटून करतो, मला अजून बोटं लागतात. २०२५ पासून पुरुषांच्या फुटबॉलमध्ये आणखी एक भर पडली आहे: गोलपासून चाळीस मीटरवर आखलेल्या वर्तुळाकार रेषेबाहेरून लाथ मारून दांडीवरून चेंडू घातला तर दोन गुण.

यात माझी एकदा फजिती झाली आहे. मुलगी तेरा वर्षांखालच्या संघात खेळते. अशा सामन्यांना गोलपोस्टपाशी उभं राहायला पंच कुठून आणणार, तर आलेल्या पालकांपैकी जो सगळ्यात मोकळा दिसेल त्याच्या हातात दोन झेंडे देतात. पांढरा आणि हिरवा. चेंडू जाळ्यात गेला, आमच्याच पोरीने घातला, आणि मी आनंदाच्या भरात पांढरा वर केला. पांढरा म्हणजे एक गुण, हिरवा म्हणजे गोल. आमचे दोन गुण मीच खाल्ले होते. रेफ्रीने लांबूनच हाताने खूण केली, मी झेंडा बदलला, आणि पलीकडच्या संघाच्या एका आजोबांनी मला विचारलं, "पहिल्यांदाच का?" त्यानंतर वर्षभर चहाच्या टेबलापाशी माझी ओळख 'पांढरा झेंडा' अशीच होती. पण ओळख झाली, हेही खरं.

हे सगळं चालवते ती संघटना म्हणजे गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, सगळे तिला जीएए म्हणतात. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतल्या थर्ल्स गावी हेज हॉटेलात मूठभर माणसं जमली आणि ती सुरू झाली. मायकल क्युसॅक हा त्यामागचा मुख्य माणूस, आणि मॉरिस डॅव्हिन पहिला अध्यक्ष. तेव्हा देशावर इंग्रजांचं राज्य होतं, आयरिश भाषा मागे पडत होती आणि क्रिकेट, रग्बी हे साहेबाचे खेळ गावोगाव पसरत होते. टिळकांनी गणपती चौकात आणला तो काळही फार लांबचा नाही, आणि मागची निकड ओळखीचीच आहे: लोकांना एकत्र आणायचं तर त्यांच्या जवळचं काहीतरी हातात घ्यावं लागतं.

त्या निकडीची किंमतही मोजावी लागली. २१ नोव्हेंबर १९२० ला डब्लिनच्या क्रोक पार्कवर डब्लिन विरुद्ध टिपरेरी सामना चालू असताना इंग्रज सरकारच्या सशस्त्र दलांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या. चौदा जण गेले. त्यात टिपरेरीचा खेळाडू मायकल होगन होता. आज त्या मैदानात ८२ हजारांवर माणसं मावतात आणि एका स्टँडला होगनचं नाव आहे.

पुढे संघटनेचा अभिमान कधीकधी हट्टावरही गेला. सदस्यांनी परके खेळ खेळायचेच नाहीत, बघायलाही जायचं नाही असा नियम होता. परक्या खेळांत क्रिकेटही होतं. १९३८ मध्ये देशाचे राष्ट्रपती डग्लस हाइड एका सॉकर सामन्याला हजर राहिले म्हणून जीएएने त्यांना आश्रयदाते पदावरून काढून टाकलं, साक्षात राष्ट्रपतींना. ती बंदी १९७१ मध्ये उठली. आज आमच्या क्लबच्या कपड्यांच्या खोलीत पोरं उघडपणे इंग्लंडमधल्या सॉकर संघांवरून भांडतात, आणि आमच्या घरातला पोरगा शनिवारी सकाळी हर्लिंग आणि दुपारी क्रिकेट खेळतो. त्याला कोणी काढून टाकलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट, जी कळली की बाकीची सूचना आपोआप लागते. क्लब आपण निवडत नाही. क्लब जमिनीला जोडलेला असतो. मूळ हिशेब पॅरिशचा, म्हणजे एका चर्चभोवतीच्या वस्तीचा. वसईकडे ज्याला धर्मग्राम म्हणतात तेच. तुम्ही ज्या वस्तीत वाढलात त्या वस्तीचा क्लब तो तुमचा. शेजारच्या गावचा संघ चांगला आहे म्हणून तिकडे जातो म्हटलं तर काउंटीच्या समितीकडे अर्ज, कारणं, चौकशी. नियम काउंटीगणिक सैल-घट्ट आहेत, मोठ्या शहरांत बरेच सैल. पण खेड्यात क्लब बदलणाऱ्याकडे लोक जसं बघतात, त्यावरून नियमाची गरजच पडत नाही. वर काउंटीचा संघ, तोही असाच: ज्या काउंटीतला, त्याच काउंटीकडून. खेळाडू विकत घेता येत नाही. विकायलाच कोणी नाही.

कारण पैसाच नाही. क्रोक पार्कवर ऐंशी हजार लोकांसमोर जो खेळतो, तोही हौशी. प्रवासखर्च मिळतो, काउंटीच्या खेळाडूंना सरकारकडून थोडं अनुदान मिळतं, पण पगार नाही. सोमवारी तो शाळेत शिकवायला किंवा शेतावर जातो. मी पहिल्या शनिवारी मुलीच्या प्रशिक्षकाला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुमची महिन्याची फी किती?" तो पेशाने इलेक्ट्रिशियन. आधी त्याला प्रश्नच कळला नाही. मग कळला तेव्हा तो इतका हसला की हातातले प्लॅस्टिकचे शंकू खाली पडले. ते गोळा करायला मी वाकलो, आणि त्या दिवसापासून शंकू मांडणं माझं काम झालं.

ही गोष्ट आईला कोल्हापूरला फोनवर सांगितली. ती म्हणाली, "पगार न्हाई, मग रोज संध्याकाळी कशाला जातोय त्यो?" मी म्हटलं, "अगं, त्याच्या गावचा संघ आहे." तर म्हणते, "मग सरळ सांग की, तालीम हाय म्हणून." आमच्याकडे फुटबॉल पेठांच्या तालमी खेळतात, शाहू स्टेडियमवर सामना असला की अख्खी पेठ रस्त्यावर येते. मी जे चार पानांत सांगायला बसलो होतो ते आईने एका वाक्यात संपवलं.

गाव लहान म्हणून क्लब लहान असंही नाही. किलकेनी काउंटीतलं बॅलीहेल हे काही शे वस्तीचं खेडं. तिथल्या शॅमरॉक्स क्लबने २०२३ पर्यंत हर्लिंगची अखिल आयर्लंड क्लब स्पर्धा नऊ वेळा जिंकली आहे. किलकेनीकडून दहा वेळा अखिल आयर्लंड विजेता ठरलेला हेन्री शेफ्लिन याच क्लबचा. अशी खेडी इथल्या लोकांच्या बोलण्यात सारखी येतात.

'ज्युनियर' शब्दाने मात्र फसू नका. तो वयाचा नाही, दर्जाचा आहे. प्रौढांमध्ये सीनियर, इंटरमीडिएट, ज्युनियर अशा पायऱ्या असतात. आमच्या ज्युनियर संघाचा गोलरक्षक चाळिशी ओलांडलेला आहे आणि त्याचा मुलगा त्याच्यापुढे बचावात खेळतो. पोरांचे गट वयावर. बारा वर्षांखाली स्पर्धेचा ताण ठेवायचा नाही, आलेल्या प्रत्येकाला खेळवायचं, असं धोरण आहे. नर्सरी म्हणजे त्याहून लहान, चार-पाच वर्षांची पिल्लं. अर्धी गवत उपटतात, अर्धी हेल्मेट उलटं घालतात. त्यांना शिकवणाऱ्या प्रत्येक पालकाला आधी पोलीस पडताळणी करून घ्यावी लागते आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. त्यात हयगय नाही. माझी कागदपत्रं येईपर्यंत मला शंकूंपलीकडे जाऊ दिलं नाही, आणि ते योग्यच होतं.

लॉटरीचा हिशेब मला फार आवडतो. पगार नसला तरी खर्च आहेच: विमा, गवत, दिव्यांचं बिल, जर्सी, चेंडू, आणि काठ्या. अ‍ॅशच्या झाडांवर एक बुरशीजन्य रोग पसरला आहे, आयर्लंडमध्ये तो २०१२ मध्ये पहिल्यांदा सापडला. त्यामुळे चांगलं लाकूड मिळेनासं झालं आणि बांबूच्या, प्लॅस्टिकच्या काठ्या आल्या. जुने खेळाडू त्या हातात घेऊन वास घेतात आणि खाली ठेवतात. तर हा पैसा येतो कुठून? वर्गणी असते, गावातल्या दुकानांच्या जाहिराती असतात, आणि दर आठवड्याला लॉटरी. समजा १ ते २८ मधले चार आकडे निवडायचे. अशा जोड्या होतात २०,४७५. आठवड्याला पाचशे तिकिटं खपली तर जॅकपॉट सरासरी चाळीस-एक्केचाळीस आठवड्यांतून एकदा लागणार. बाकीचे आठवडे रक्कम फुगत जाते आणि वाढत्या आकड्यापायी तिकिटंही जास्त खपतात. दोन युरोचं तिकीट घेणाऱ्याला हे गणित माहीत असतं. गणपतीची वर्गणी देताना कोणी परताव्याचा विचार करतो का? तसंच.

मुलींच्या सामन्यांचं वेळापत्रक पाहून गोंधळलात तर चूक तुमची नाही. पुरुषांचे खेळ जीएएकडे, कमोगीची वेगळी संघटना (१९०४ पासून), आणि बायकांच्या फुटबॉलची तिसरी (१९७४ पासून). गावात क्लब एक, मैदान एक, पण वर तीन मालक. त्यामुळे एकाच मुलीचे दोन सामने एकाच दिवशी, दोन वेगळ्या गावी लागतात, आणि गाडीत कपडे बदलत तिला न्यावं लागतं. तिन्ही एकत्र करण्याचं काम चालू आहे, त्यासाठीच्या समितीचं नेतृत्व माजी राष्ट्रपती मेरी मॅकअ‍ॅलीस यांनी केलं आणि २०२७ ची मुदत ठेवली गेली. कमोगीत स्कर्टसारखीच पँट घालण्याची सक्ती होती, तीही खेळाडूंनी मैदानावर निषेध केल्यावर मे २०२५ मध्ये गेली. मुलीला दुसऱ्या दिवशी शाळेतून आणलं तेव्हा तिने गाडीत बसायच्या आधी ही बातमी मला सांगितली.

आयांचा फुटबॉल वेगळाच. स्पर्धा नाही, गुण कोणी धरत नाही. माझी बायको तिथे गेली ती मैत्रिणी मिळतील म्हणून, आणि पहिल्याच दिवशी गुडघा सोलून आली. तरी पुढच्या बुधवारी गेली. इथल्या डॉक्टरकडे नंबर कसा लावायचा, कोणती शाळा बरी, प्लंबर कोण फसवत नाही, ही सगळी माहिती आमच्या घरात त्या बुधवारांतून आली.

वर्षाचं चक्र एकदा लक्षात घेतलं की पुढचं कळतं. २०२२ पासून वर्षाचे दोन भाग केले आहेत. पहिला काउंटीचा, जुलैत अखिल आयर्लंड अंतिम सामन्यांनी संपणारा. मग काउंटीचे खेळाडू आपापल्या गावी परततात आणि क्लबांची चँपियनशिप सुरू होते. लीग म्हणून वेगळी स्पर्धा असते, पण तिचं फार मनावर घेत नाहीत. चँपियनशिप म्हणजे खरी लढाई. काउंटी जिंकली की प्रांत, प्रांत जिंकला की देश, आणि ती अंतिम फेरी जानेवारीत. मधे मार्चच्या १७ तारखेला सेंट पॅट्रिकच्या मिरवणुकीत पोरं क्लबच्या जर्सीत चालतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवडाभराची कूल शिबिरं असतात. कूल म्हणजे आयरिशमध्ये गोल, आणि इंग्रजीत जे काय ते. पोरांना दोन्ही अर्थ पुरतात. हिवाळ्यात स्कोर: गाणं, नाच, वादन, प्रश्नमंजुषा यांची क्लबाक्लबांतली स्पर्धा, १९६९ पासून चालू. गॅदरिंगच म्हणा. डिसेंबरच्या आसपास वार्षिक सभा, जिथे सचिव कोण होणार यावर सगळे एकमेकांच्या बुटांकडे बघतात.

सामन्याला गेलात तर मैदानाकडेच्या दोन माणसांच्या अंगावरचे शब्द वाचा. एकावर बॅनिश्तोर, म्हणजे संघाचा व्यवस्थापक. दुसऱ्यावर मेर इश्का, पाणीवाला. इश्का म्हणजे पाणी, आणि व्हिस्की हा शब्द याच 'इश्का'तून, 'जीवनाचं पाणी' अशा शब्दातून निघाला आहे. पाणीवाल्याला हे सांगितलं की तो दरवेळी नव्याने खूश होतो.

राहता राहिली मयत. खजिनदार वारले त्या मंगळवारी मी कामावर अर्धा दिवस रजा टाकून गेलो. पाऊस बारीक पडत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जर्सी घातलेली माणसं ओळीने उभी राहिली, आठ वर्षांपासून ऐंशीपर्यंत. शवपेटीवर क्लबचा झेंडा आणि एक जुनी काठी. गाडी मधून हळू गेली, आणि ती जाईपर्यंत कोणी हललं नाही. माझ्या एका बाजूला कसायाचं दुकान असलेला, दुसऱ्या बाजूला माझी मुलगी. खजिनदारांशी मी आयुष्यात तीनदा बोललो असेन, तिन्ही वेळा लॉटरीच्या तिकिटांबद्दल.

आपण बाहेरचे, आपल्याला यात कितपत घेतात? याचं एक उत्तर सगळ्या देशाला ठाऊक आहे. हर्लिंगपटू शॉन ओग ओ हॅल्पिनचे वडील फर्माना काउंटीचे आणि आई फिजीची. दोन्ही ठिकाणं हर्लिंगचे बालेकिल्ले नाहीत. तो कॉर्कचा कर्णधार झाला, २००५ मध्ये चषक घेताना आयरिशमध्ये भाषण केलं. आणि ३१ जुलै २०२० ला, करोनामुळे मशिदीत गर्दी करता येत नव्हती तेव्हा, बकरी ईदची नमाज क्रोक पार्कच्या हिरवळीवर झाली. आमच्या गावात हे इतकं भव्य नसतं. आमच्या गावात घेतात म्हणजे काम देतात.

या आठवड्यात जर्सी धुवायची पाळी आमची आहे. तेरा वर्षांखालच्या संघाच्या वीस जर्सी, चिखलाने माखलेल्या, एका मोठ्या पिशवीत. बाहेर पाऊस, म्हणून जिन्याच्या कठड्यावर, खुर्च्यांवर, रेडिएटरवर वाळत घातल्या आहेत. पाठीवरचा आकडा म्हणजे मैदानावरची जागा: १ गोलरक्षक, ६ बचावाच्या मधला, १४ अगदी पुढचा. आईशी व्हिडिओवर बोलताना तिला मागे दिसल्या, म्हणाली, "केवढं धुणं काढलंस रे!" मी तिला आकडे मोजून दाखवले. एकोणीसच निघाले. ११ नंबर कुठे आहे, कोणाला माहीत असेल तर शनिवारी साडेनऊच्या आत कळवा.